नवीन नागपूर येऊ द्या हो, पण आमचा डीपी रोड तुरीच्या वावरात अडून आहे

पिपळाफाटा · रविवार, रात्री ९:१०

गेला आठवडाभर मी रोज सकाळी साडेआठ ते साडेनऊ गच्चीवर उभा राहून खालच्या, बेसाकडच्या रस्त्यावरच्या गाड्या मोजल्या. सकाळचं बॅडमिंटन बुडालं. पहिल्या दिवशी बायकोनं वेड्यात काढलं, बुधवारपासून चहा वर आणून द्यायला लागली. पोरीच्या गणिताच्या वहीचं मागचं पान, त्यावर पाच-पाचच्या काड्या. शुक्रवारची मोजणी सगळ्यात नीट झाली म्हणून तीच देतो. दुचाकी ११००, कार ४००, ऑटो ६०, स्कूल बस आणि व्हॅन मिळून ४०, रेती-गिट्टीचे टिप्पर ११. दुचाकीत वीस-पंचवीस इकडेतिकडे धरा, कारण मधेच एक बुलेट आणि एक ऑटो भिडले आणि मी काड्या सोडून भांडण पाहत बसलो.

आता रस्ता. डांबर साडेपाच मीटर, टेप लावून मोजलंय. दोन्ही कडेला मुरूम, त्यावर भाजीचे ठेले, एक पाणठेला आणि वळणावर बरोब्बर विजेची डीपी. आमच्याकडे डीपी रोड कोणता असं कोणी विचारलं तर हाच दाखवतो, रस्त्यात डीपी उभी आहे तो.

खरा डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला, आमच्या लेआउटच्या मागून जातो. रुंदी १८ मीटर. तिकडच्या टोकाला सिमेंटचा झालाय, इकडच्या टोकालाही झालाय. मधे साधारण तीनशे मीटर काटेरी तार आणि पलीकडे तूर. तिकडच्या टोकाला पथदिवेसुद्धा लागलेत. रात्रभर तुरीला उजेड असतो.

हे सगळं आता का लिहितोय? सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं 'नवीन नागपूर'ला मंजुरी दिली. हिंगणा तालुक्यातल्या गोधणी आणि लाडगाव या मौजांत सुमारे ६९२ हेक्टर, तिथे आंतरराष्ट्रीय व्यापार आणि वित्तीय केंद्र. सोबत शहराभोवती १४८ किलोमीटरचा, १२० मीटर रुंद नवा बाह्यवळण मार्ग. माझा विरोध नाही. पोरगी उद्या तिथेच नोकरीला लागली तर पुण्याला पाठवावी लागणार नाही. पण १२० मीटर रुंदीच्या गोष्टी ऐकताना मला माझे साडेपाच मीटर आठवतात. लोक आधी राहायला येणार, रस्ता मागून येणार, हा उलटा क्रम नव्या ठिकाणीही तसाच चालणार का? बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, गोधनी, वाडी, जयताळा, तुमच्याकडे काय हाल आहेत तेही लिहा.

तर्रीपोहा · रविवार, रात्री ९:२२

अकरा टिप्पर म्हणजे तुम्ही सुखात आहात जी. आमच्या उमरेड रोडकडे या, काड्या काढायला अख्खी वही लागेल.

पुढच्या मारबतीच्या मिरवणुकीत 'बेसा जॅम'चा बडग्या, म्हणजे पुतळा, काढा. घेऊन जा गे मारबत!

टाकळीकर · रविवार, रात्री ९:४१

थांबा थांबा. गोधनीत? आमच्या झिंगाबाई टाकळीच्या पुढच्या? इथे आधीच मानकापूर चौक ओलांडताना जीव जातो. ६९२ हेक्टर इथे कुठून आणले?

खसरा_क्रमांक · रविवार, रात्री ९:५८

घाबरू नका टाकळीकर. तुमची गोधनी उत्तरेला, रेल्वे स्टेशनवाली. ही गोधणी हिंगणा तालुक्यातली, कागदावर 'गोधणी (रिठी)' लिहितात. लाडगावही रिठीच. रिठी म्हणजे महसुली नोंदीत नाव आहे, शेतं आहेत, पण वस्ती उठलेली आहे असं मौजा. जुन्या साथीत नाहीतर पाण्यावाचून उठलेली अशी गावं विदर्भात भरपूर आहेत. ओसाड गावावर नवं शहर, कल्पना वाईट नाही. पण गाव उठलं म्हणून वावरं उठली नाहीत, ती पिकतात.

टाकळीकर · रविवार, रात्री १०:०३

हुश्श. मग येऊ द्या नवीन नागपूर.

हिंगणा_नाका · रविवार, रात्री १०:१५

वा! तुमचा प्रश्न मिटला की येऊ द्या! आमच्याकडे एमआयडीसीची शिफ्ट सुटायची वेळ, कॉलेजच्या बसा आणि समृद्धीकडे निघालेल्या गाड्या एकाच रस्त्यावर उतरतात. समृद्धी महामार्गाचं हे टोक शिवमडक्याला आहे, विसरू नका. मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर सुसाट, आणि घरून शिवमडक्यापर्यंत पोचताना घाम फुटतो. त्यात आता वित्तीय केंद्र. मेट्रोचा दुसरा टप्पा लोकमान्यनगरहून हिंगण्यापर्यंत मंजूर आहे, तो आधी होऊ द्या, मग बोलवा पाहुणे.

ॲक्टिवावाली · रविवार, रात्री १०:४०

मी पिपळाफाटांच्याच रस्त्यावरून रोज जाते, त्यांच्या अकराशेत मी एक आहे.

गेल्या महिन्यातलं सांगते. सकाळी पावणेनऊ, मागे लेक, तिच्या मांडीवर प्रोजेक्टचं थर्माकोलचं घर. त्या विजेच्या डीपीच्या वळणावर समोरून स्कूल बस आली, बाजूने टिप्पर. बसवाल्यानं बस थांबवली, टिप्परवाला काही थांबेना. मी डांबरावरून मुरमात उतरले. डांबर आणि मुरूम यांच्यात वीतभर खाच आहे, पुढचं चाक त्यात गेलं. आम्ही पडलो नाही, पाय टेकवला. पण थर्माकोलचं छप्पर उडून टिप्परच्या मागच्या चाकाखाली गेलं. लेक रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "आई, मी हातात धरलं नसतं तर?"

कुणी म्हणेल मेट्रोनं जा. मेट्रो वर्धा रोडवर आहे, मधे रेल्वेलाइन. उज्ज्वलनगर स्टेशनपर्यंत जायला मला याच रस्त्यानं, याच वळणावरून, मनीषनगरची गर्दी ओलांडून जावं लागतं. एवढं गेल्यावर गाडी लावून मेट्रोत बसायचं, तर माणूस म्हणतो आता पोचलोच की ऑफिसला. 'आपली बस', म्हणजे शहर बस, आमच्या फाट्यावर येते म्हणतात. आली की कळवा.

सध्या_पुणे · रविवार, रात्री ११:०५

मूळचा महालचा, बारा वर्षं पुण्यात. हिंजवडीत हेच झालं. कंपन्या आधी, रस्ते नंतर, मेट्रो त्याहून नंतर. तुम्ही लोक नशीबवान आहात, अजून वेळ गेलेली नाही.

तर्रीपोहा · रविवार, रात्री ११:०९

आले पुण्याचे. आता वाघोलीची गोष्ट सांगून मगच झोपतील.

निवृत्त_उपअभियंता · सोमवार, सकाळी ६:५०

धागाकर्त्याचं कौतुक. सरकारी कामात आम्ही मोजणीला माणसं बसवायचो, ती झाडाखाली झोपायची. तुम्ही गच्चीवर उभे राहून मोजलंत.

आता तुमच्या काड्यांचं गणित करू. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या कारच्या मापात आणतात, त्याला पीसीयू म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या संहितेत, क्रमांक १०६, साल १९९०, त्याचा तक्ता आहे. दुचाकींचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं की एक दुचाकी पाऊण कार धरतात. कार एक. ऑटो थोडे असतील तर १.२, ट्रक-बस थोड्या असतील तर २.२. तुमचे ११०० दुचाकींचे ८२५, कारचे ४००, ऑटोचे ७२, बस-व्हॅन सरसकट बस धरून ८८, टिप्परचे २४. बेरीज १४०९.

त्याच संहितेत दोनपदरी, दुहेरी वाहतुकीच्या रस्त्याची क्षमता दिली आहे. वस्तीतून गाड्या गोळा करून मोठ्या रस्त्यावर सोडणारा रस्ता असेल तर तासाला ९००. उपमुख्य असेल तर १२००. मुख्य रस्ता असेल, म्हणजे कडेला ठेले नाहीत, पार्किंग नाही, फाटे कमी, तर १५००. दोनपदरी म्हणजे निदान सात मीटर. तुमचा आहे साडेपाच, कडेला भाजी आणि पाणठेला. म्हणजे नऊशेलाही न पुरणाऱ्या रस्त्यावर मुख्य रस्त्याएवढा भार पडतोय. पोरगी विचारते ते बरोबरच विचारते.

दुसरी गोष्ट. बाह्यवळण मार्गाचा तुम्हाला फायदा होईल, पण तो टिप्पर आणि लांब पल्ल्याच्या ट्रकपुरता. अमरावतीकडून येऊन रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकला शहरात काम नाही, तो बाहेरून जाईल. तुमच्या १४०९ पैकी किती जण रायपूरला चाललेत? सगळे शहरात कामाला, बर्डी (सीताबर्डी), सदर, धंतोली, नाहीतर मिहान. त्यांना वर्तुळ नको, आत जाणारा दुसरा रस्ता हवा. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल झाला, खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. सरळ जाणारे वरून निघून गेले, ते चांगलंच झालं. पण ज्याला चौकात वळायचं आहे तो पुलाखाली जिथे होता तिथेच आहे. रस्ता चौकात तुंबतो, मधे तुंबत नाही. आणि तुमच्याकडे चौकात यायला एकच वाट आहे, म्हणून सगळे त्याच चौकात.

तिसरी गोष्ट जरा जुनी. नागपुरात 'रस्ता आधी' ही पद्धत नवी नाही. नागपूर सुधार प्रन्यास १९३६च्या कायद्याने झाली. तिच्या योजनांची नावंच बघा, 'स्ट्रीट स्कीम'. सक्करदऱ्याकडच्या जुन्या विक्रीपत्रांत अजून 'सक्करदरा स्ट्रीट स्कीम' लिहिलेलं सापडेल. आधी रस्ता आखायचा, मग त्याच्या कडेने प्लॉट पाडायचे. पुढे मालकांनी परस्पर लेआउट पाडले, गुंठ्यानं विकले, आणि आपण मागून रस्ता शोधत फिरू लागलो.

पाचशेबहात्तर · सोमवार, सकाळी ९:३०

साहेबांनी जखमेवर बोट ठेवलं. आम्ही ५७२ लेआउटवाले. जे नागपूरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, अनधिकृत लेआउट नियमित करायला घेतले तेव्हा एक खेप ५७२ची होती आणि पुढची १९०० ची. हे आकडे आमच्या पत्त्याचाच भाग झालेत. शुल्काची डिमांड भरली, आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र मिळालं, गडरलाइन यायला पोरं मोठी झाली, रस्ता सिमेंटचा झाला तो घराच्या ओट्याच्या वर. आता पावसाचं पाणी हॉलमध्ये येतं.

एक कडू बोलतो, राग नका मानू. बेसाकडच्या फ्लॅटवाल्यांनी घर घेताना रस्ता आहे का हे विचारलं होतं? आमच्याकडे तेव्हा पैसे नव्हते, म्हणून आम्ही अनधिकृत घेतलं. तुम्ही तर बँकेचं कर्ज काढून, वकिलाकडून कागद तपासून घेतलं.

पिपळाफाटा · सोमवार, दुपारी १:१५

राग कसला, खरं आहे. माहितीपत्रक अजून कपाटात आहे. बिल्डिंगच्या मागे हिरवा बाण, त्यावर 'प्रस्तावित १८ मीटर डीपी रोड' आणि खाली 'बर्डी १५ मिनिटं'. मी 'प्रस्तावित' हा शब्द वाचलाच नाही, पंधरा मिनिटं तेवढी वाचली. पंधरा मिनिटांत मी आज पाणठेल्यापर्यंत पोचतो.

खसरा_क्रमांक · सोमवार, दुपारी २:०२

या 'प्रस्तावित'मध्ये सगळी मेख आहे. २०२०च्या एकत्रित नियमावलीत प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल, म्हणजे एफएसआय, हे रस्त्याच्या रुंदीला बांधलेलं आहे. रस्ता रुंद तितका जास्त. म्हणून शेजारी नवी इमारत उठताना विचारायचं, कोणता रस्ता धरून परवानगी घेतली? तुरीतला की डांबरातला? प्रकल्पाचे मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. फार कमी लोक पाहतात.

वावरवाला · सोमवार, रात्री ८:४७

सगळं वाचून रायलो दोन दिवसापासून. रोडवाले बोलले, फ्लॅटवाले बोलले, अभियंतासाहेब बोलले. तुरीवाल्याले कोणी बोलावलं नाही.

ते वावर आमचं नाही, पण आमचंही असंच आहे, घोगलीकडे. माह्या बापाच्या साडेतीन एकरातून आराखड्याचा रोड तिरपा गेला आहे. नकाशात लाल रेघ. ती रेघ आली तेव्हापासून बँक म्हणते कर्ज नाही, गिऱ्हाईक म्हणते रेघेच्या अलीकडचं देता का, भाऊ म्हणतो विकून टाकू, बाप म्हणतो मी आहे तवरिक पेरीन. रोड करणारे म्हणतात पैसे नाहीत, टीडीआर घ्या. टीडीआर म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करायच्या हक्काचा कागद. बाप म्हणते, हा कागद पेरता येते का?

तुमची 'काटेरी तार' वाचून हासू आलं. तार काहून लावली माहीत आहे? लेआउटमधले लोक फिरायले येतात, शेंगा तोडून खिशात भरून नेतात म्हणून.

तुमचा रोड झाला पायजे, मी नाही कुठं म्हणतो? पण 'रोड वावरात अडला' असं नका म्हणू. वावर पहिले होतं.

ॲक्टिवावाली · सोमवार, रात्री ९:०५

दादा, शेंगांचं मी कबूल करते. एकदाच. माफी असावी.

निवृत्त_उपअभियंता · मंगळवार, सकाळी ७:१०

वावरवाला, तुमचं म्हणणं शंभर टक्के. आता धागाकर्ते आणि तुम्ही, दोघांनीही नीट ऐका, कारण यात एक घड्याळ चालू आहे.

महानगर क्षेत्राचा विकास आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. साडेतीन हजार चौरस किलोमीटरपेक्षा जास्त क्षेत्र, ७१९ गावं. महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना अधिनियम १९६६, कलम १२७. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. म्हणजे २०२८ पासून कोणीही मालक नोटीस देईल, आणि २०३० मध्ये रेघ पुसली जाईल. हे कलम मालकाच्या न्यायासाठी आहे आणि ते हवंच. पण रेघ एकदा गेली आणि तिथे प्लॉट पडले की १८ मीटरचा रस्ता परत मिळत नाही. दोन्ही टोकांचे सिमेंट रोड कायमचे बंद गल्ली होतील.

एकट्या मालकावर बोजा न टाकण्याची पद्धतही त्याच कायद्यात आहे, नगररचना योजना. परिसरातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते-मैदानं काढायची, उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे प्लॉट सगळ्यांना प्रमाणात परत. ज्याच्या वावरातून रस्ता गेला तो बुडत नाही आणि ज्याच्या बांधावरून गेला तो फुकट गब्बर होत नाही. मुंबई प्रांतात याचा कायदा १९१५ सालचा. वेळ लागतो, भांडणं होतात, पण 'रस्ता आधी' म्हणजे कागदावर हीच पद्धत. नवीन नागपूरबद्दल काही मागायचं असेल तर रुंदी मागू नका, क्रम मागा.

सध्या_पुणे · मंगळवार, सकाळी ९:४४

म्हाळुंग्यात हा प्रयत्न सुरू आहे. (वाघोलीबद्दल काही बोलत नाहीये.)

तर्रीपोहा · मंगळवार, सकाळी ९:४६

शाब्बास.

बर्डीचा_बच्चू · मंगळवार, दुपारी १२:२०

काही होत नाही बे. अधिवेशन आलं की पंधरा दिवसांत सिव्हिल लाइन्समध्ये पांढरे पट्टे मारून होतात. तुमच्या रस्त्यावर एक मंत्री राहायला आणा.

पाचशेबहात्तर · मंगळवार, दुपारी १२:४१

असं म्हणून घरी बसायचं असेल तर बसा. अजनीवनाची झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा याच शहरातल्या लोकांनी हरकतींचा ढीग लावला होता. कोणाच्या घरी मंत्री राहत नव्हता.

संपादक_मंडळ · मंगळवार, दुपारी ४:००

पक्षांची नावं आलेले सात प्रतिसाद काढले आहेत. पाणी, टँकर आणि बोअरवेलसाठी वेगळा धागा काढावा. इथे रस्ताच राहू द्या.

पिपळाफाटा · बुधवार, रात्री १०:२०

अभियंताकाका, तुमचं घड्याळ वाचून झोप उडाली. आज अर्धा दिवस सुट्टी टाकून एका कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, कोणता कागद? मी म्हटलं, रस्ता कधी होणार ते. त्या म्हणाल्या, असा कागद नसतो. रांगेतल्या एका एजंटला दया आली. म्हणाला, 'भाग नकाशा' मागा, खसरा नंबर आणि मौजा लिहा, पटवारी हलका नंबर लिहायला विसरू नका. अर्ज दिला. भूसंपादनाची फाइल कुठवर आली आहे ते माहिती अधिकारात विचारलं आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. तीस दिवस.

काका, नकाशा हाती आला की एक रविवार द्याल? वावरवाले, तुम्ही आलात तर फार बरं होईल. त्या तुरीच्या मालकाशी मी बोललो तर तो शेंगांचाच हिशेब मागेल.

वावरवाला · बुधवार, रात्री १०:३१

येतो. तारीख टाका. पिशवी नका आणू.

टाकळीकर · गुरुवार, सकाळी ८:१५

मीही येतो, आमच्याकडच्या गोधनीतही अशीच एक रेघ आहे. शिकून घेतो.

हिंगणा_नाका · तीन आठवड्यांनंतर, शनिवार, संध्याकाळी ६:३०

धागा वर काढतोय. नकाशा मिळाला का?

पिपळाफाटा · रविवार, रात्री ९:३५

मिळाला. आज सकाळी गेलो. अभियंताकाका, वावरवाला, टाकळीकर, ॲक्टिवावाली आणि त्यांची लेक, मी. थंडी होती, काका मफलर गुंडाळून टेप घेऊन आले होते.

तुरीचे मालक सत्तरीचे आहेत. वावरवाल्यानं हाक दिली, "राम राम काकाजी, आम्ही रोडचं विचाराले आलो." मला वाटलं आता हाकलतात. ते बांधावर बसले आणि म्हणाले, "बारा वर्सात पहिल्यांदा कोणी इकडून आलं. नाही तं नारळ तिकडच्याच टोकाले फुटते." त्यांचं म्हणणं साधं आहे. जमीन द्यायला तयार, पण टीडीआरच्या कागदावर नाही, मोबदला घेऊन किंवा तेवढीच जमीन दुसरीकडे. आणि रस्त्यामुळे वावराचे दोन तुकडे होतात, त्यातला पलीकडचा अर्ध्या एकराचा त्रिकोण कुणीतरी घ्यावा. "त्या त्रिकोनात बैल तरी फिरते का?" असं त्यांनीच आम्हाला विचारलं. त्यांच्या घरी अजूनपर्यंत संपादनाची एकही नोटीस आलेली नाही. वावरवाल्यानं त्यांना कलम १२७ सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, २०२८ ना? आणि बोटांवर मोजलं.

मग काकांनी नकाशा बांधावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवली आणि टेप धरला. मी तीनशे मीटर वावर म्हणत होतो ना? वावरातून जाणारी लांबी भरली १९०. उरलेली ११० मीटर कुठे आहे म्हणून आम्ही टेप घेऊन तारेच्या अलीकडे आलो. आमच्या लेआउटची मागची भिंत ओलांडली, गेटमधून आत गेलो. पाहुण्यांची पार्किंग, गणेशोत्सवाचं सामान ठेवायचा टिनाचा शेड, आणि बॅडमिंटन कोर्ट.

काकांनी नकाशा फिरवून फिरवून तीनदा पाहिला. मीही पाहिला. लाल रेघ नेटच्या बरोबर मधून जाते. आठ वर्षं मी रोज सकाळी डीपी रोडवर सर्व्हिस करतोय.

तर्रीपोहा · रविवार, रात्री ९:३७

😐

पाचशेबहात्तर · रविवार, रात्री ९:५०

काही बोलत नाही. एवढंच विचारतो, सोसायटीचे सचिव कोण?

पिपळाफाटा · रविवार, रात्री ९:५२

मीच.

निवृत्त_उपअभियंता · सोमवार, सकाळी ६:४०

असं बऱ्याच ठिकाणी असतं, लाजू नका. बिल्डरनं रस्त्याची जागा मोकळी सोडली, ती मोकळी दिसली म्हणून लोकांनी वापरली. आता भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या, माझा टेप पुरावा होत नाही. सोसायटीनं ११० मीटर मोकळं करून देतो असा ठराव केला आणि वावराच्या मालकाचं संमतीचं पत्र सोबत जोडलं, तर कार्यालयात जाताना हात रिकामे राहणार नाहीत. नुसती तक्रार घेऊन जाणारे तिथे रोज शंभर येतात.

वावरवाला · सोमवार, सकाळी ८:२०

काकाजी म्हणत होते पत्र देतो, पण पहिले तुमच्या सायबाचा शेड हलू द्या.

पिपळाफाटा · सोमवार, रात्री ११:१०

आज सोसायटीची तातडीची सभा झाली. शेड हलवायला सगळे तयार, पार्किंगवर दोन तास वाद, बॅडमिंटनवर तीन. एका काकूंनी विचारलं की रस्ता झाला तर टिप्पर आमच्या खिडकीखालून जाणार ना? आता त्यांना काय सांगू? जाणार. आज ते ॲक्टिवावालीच्या अंगावरून जातात. ठराव नऊ विरुद्ध सात मतांनी झाला. मोजणीचा अर्ज उद्या.

ॲक्टिवावाली · सोमवार, रात्री ११:१८

लेक विचारतेय, नेटचे खांब कधी काढणार आणि ते शाळेला देता येतील का? त्यांच्या मैदानावर खांब नाहीत.

पिपळाफाटा · सोमवार, रात्री ११:२१

शनिवारी सकाळी सात वाजता. पाना माझ्याकडे आहे, पहार कोणाकडे असेल तर आणा. खांब सिमेंटमध्ये रोवलेत, मीच रोवले होते.